मॅनेजरचा नियम

मला पुन्हा मॅनेजर करायचं म्हणून रामनगरच्या फुटबॉल क्लबची कमिटी कुंभारवाड्याला माझ्या घरी आली. सेक्रेटरी अमोलनं वहीतून वाचलं, "मामा, तीन वर्षांत चार फायनल, चारही कप आपले. तुमच्यासारखी शिस्त दुसऱ्या कुणाकडं न्हाई."

"चुलीत घाला ती शिस्त," मी म्हणालो. "सामना संपेपर्यंत सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत, हा नियम माझाच न्हवं? माझा मोबाइलपण त्यातच. गेल्या फायनलला माझी बायको फुला हितं एकटी होती. छातीत कळ आली म्हणून तिनं मला अकरा फोन केले. क्लबची जीप मैदानाबाहेरच उभी होती. मी आधी कप उचलला, मग पिशवी उघडली. घरी पोचलो तवा ती गेलेली. आणि असल्या माणसाला परत नेमायला आलाय? लाज वाटत न्हाई?"

सगळे उठून बाहेर गेले. अमोल तेवढा बसून राहिला.

"तू पण चालता हो," मी ओरडलो.



"पिशवी माझ्या मांडीवर होती, मामा. आत तुमच्या मोबाइलवर मामीचं नाव मी अकराही वेळा बघितलं, पण तुमचा नियम मोडायचं धाडस झालं न्हाई."