न पेलणारं पोतं

"अण्णांना तीन जिने खाली कोण उचलून नेणार? मागच्या खेपेला माझी कंबर गेली!" आतल्या खोलीत थोरला मुलगा ओरडला.

"मग मी एकटा उचलू? आणि दवाखान्यात जाऊन होतं काय? बाई बोटांचा व्यायाम घेते, झालं! ह्या महिन्याला राहू दे," धाकटा म्हणाला.

दाराजवळच्या कॉटवर अण्णा ऐकत होते. लकव्यानं डावं अंग गेलं होतं, कान शाबूत होते. दोन महिन्यांपूर्वी घरी आणलं तेव्हा डावा हात हलतही नव्हता. त्या बाईच्या व्यायामानं आता त्यात चमचा टिकायला लागला होता. पण बघायला वेळ कुणाला?

चाळीस वर्षं मार्केटात पोती वाहिलेल्या हमालाचं घरात पोतं झालं होतं. पण न पेलणारं पोतं जिन्यावरून कसं उतरवतात, हे ह्या शहाण्यांना कुठं ठाऊक? टेकवायचं, सरकवायचं, परत टेकवायचं.

भांडणाच्या भरात धाकट्यानं बाहेर पाहिलं. कॉट रिकामी होती.

दोघं धावले. अण्णा पहिल्या जिन्याच्या मध्यावर होते. उजव्या हातानं कठडा धरून, ढुंगण घासत, एकेक पायरी उतरत होते. दवाखान्याची फाईल डाव्या मुठीत होती.

"अण्णा, पडाल! थांबा, आम्ही उचलतो!"

"हात लावू नका," अण्णा वाकड्या तोंडानं गुरकावले. "रिक्षा बोलवायची तर बोलवा. ती बाई बारापर्यंतच असते. सरका, मला निघायचंय."