वकीलबाईंचा गोडवा

माणसानं एकवेळ नाग खिशात घालून हिंडावं, पण पैशाच्या बाबतीत परक्यावर भरवसा ठेवू नये, असं टीसींनी जाहीर केलं. एवढं बोलून त्यांनी बँकेचा पासवर्ड पाहायला मान वळवली. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, लाल पेनानं ठळक लिहिलेला होता.

रेल्वेत तिकिटं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळे त्यांना टीसीच म्हणत. दारात आलेल्या पाहुण्याकडे ते असे बघत, की त्या बिचाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जाई.

आजचं काम मात्र थट्टेचं नव्हतं. घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि बायकोचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. रस्ता ती आताशा फक्त खिडकीतून पाहत असे. म्हणून जन्माची पुंजी मोडून तळमजल्यावरची एक जागा घ्यायचं ठरलं होतं. पैसे वकीलबाईंच्या खात्यात भरायचे, त्यांनी ते जागेच्या मालकाला द्यायचे आणि किल्ली ताब्यात घ्यायची. हे पैसे वाटेत कुठं गेले असते, तर दुसरे नव्हते.

वकीलबाई कामाला चोख आणि तोंडानं फटकळ. टीसी त्यांना लांबलचक मेल लिहीत. जागेला ऊन कसं येतं, बायको कोणत्या पायरीपासून कठडा धरते, कुठं टेकते, सगळं साद्यंत. उत्तर यायचं, "पाहिलं." कधी नुसतंच, "बरं." एकदा तर फक्त पूर्णविराम आला होता. तोसुद्धा टीसींनी जपून ठेवला होता.

आणि आज सकाळी हा मेल. सुरुवातच 'आदरणीय काका' अशी. पुढं काकूंच्या तब्येतीची चौकशी. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर काकूंना आता टेकायला थांबावं लागणार नाही, याचा मनापासून आनंद होतो, असंही लिहिलं होतं. मग सर्वांत खाली, ऑडिटमुळे ऑफिसचं खातं बदललं आहे, तरी रक्कम या नव्या खात्यावर आजच पाठवावी. मी कोर्टात असेन, फोनची तसदी घेऊ नये.

टीसींनी तो स्वतःसाठी वाचला, मग पुन्हा वाचला, आणि मग बायकोला वाचून दाखवला. काही माणसं फणसासारखी असतात, वरून काटे नि आत गरे, असं त्यांचं मत पडलं. इतक्या आपुलकीनं त्यांना कुणी लिहिल्याला युगं लोटली होती. नव्या खात्याचा नंबर त्यांनी मोठ्या प्रेमानं भरला.

बायको गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, विनातिकीट माणूस कसा ओळखायचा म्हणायचात तुम्ही?"

झोपेतून उठवून विचारलं असतं तरी टीसींनी सांगितलं असतं. बोट बटणावर ठेवून ते म्हणाले, "तिकीटवाला खेकसतो. विनातिकीटवाला उठून आपल्याला बसायला जागा देतो."

म्हणून झाल्यावर ते त्यांना ऐकू आलं. बटणावरचं बोट त्यांनी हळूच उचललं, तव्यावरून उचलावं तसं.

मेलच्या तळाशी एक फोन नंबर होता. तो त्यांनी लावला नाही. पहिल्या भेटीत वकीलबाईंनी हातात दिलेलं कार्ड शोधून काढलं आणि त्यावरचा नंबर फिरवला. बाईंनी कोर्टात नसल्याचं लगेच सिद्ध केलं. कसलं नवं खातं, कुणी सांगितलं, खातं बदललं म्हणून माझ्या नावानं कुणीही कळवलं तर आधी या नंबरला फोन करा असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं ना, की कान उघडे ठेवायची तुम्ही वेगळी फी घेता? टीसी सुखावून ऐकत होते. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. बायकोनं कान देऊन ऐकलं आणि समाधानानं मान डोलावली. "त्याच," ती म्हणाली.

मग सगळं रीतसर झालं. खात्याचा नंबर बाईंनी एकेक आकडा करून सांगितला. टीसींनी तो, बाईंनी पहिल्याच भेटीत कार्डामागे स्वतःच्या हातानं लिहून दिलेल्या खात्याच्या नंबराशी ताडून पाहिला. आधी किरकोळ रक्कम पाठवली. ती आली, असं बाईंनी खातं बघून सांगितलं. मग बाकीची गेली, तीही पोचली. बायकोनं पिशवी बाजूला ठेवली आणि खिडकीतून खाली, रस्त्याकडे पाहिलं.

फोन ठेवायच्या आधी बाईंनी तो मेल वाचून दाखवायला सांगितला. वळणावर टेकण्याची ओळ आली तसं त्यांनी थांबवलं. हे त्या भामट्याला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं.

टीसी म्हणाले, "मी तुम्हालाच लिहिलं होतं."

मग त्या आज पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या नाहीतर माझ्या मेलमध्ये कुणीतरी शिरलंय, काका. तुम्ही मला लिहिलेलं सगळं त्यानं वाचलंय. अगदी शब्दन् शब्द."

टीसींनी बायकोकडे पाहिलं. घसा साफ केला. आणि विनातिकीट सापडलेल्या माणसाच्या नम्रतेनं म्हणाले,

"मॅडम, एक विनंती होती. सवड झाली तर तुम्हीही वाचा."