जुन्या हृदयाची सूचना

पोहे संपले तसा रत्नाकर केळुसकरांनी घसा साफ केला. ते विधुर, समोरच्या नलिनीताई विधवा, आणि हे स्थळ आणलं होतं रत्नाकरांच्या थोरल्या बहिणीने, इंदूताईंनी.

“नलिनीताई, मी तुम्हाला जन्मभर साथ देईन,” रत्नाकर म्हणाले.

लगेच त्यांच्या छातीतून नम्र आवाज आला. “सूचना. हे कृत्रिम हृदय जुन्या बनावटीचं आहे. नव्या कर्नेलमध्ये, म्हणजे हृदय चालवणाऱ्या मूळ संगणकप्रणालीत, त्याची सोय नाही. आज ते व्यवस्थित चालू आहे. बिघडल्यास दुरुस्ती होणार नाही.”

“अगं बाई! चारचौघांत बोलतं हे?” इंदूताई म्हणाल्या. “गप्प करता येत नाही का रे त्याला?”

“नाही. पूर्वी फक्त माझ्या कानात सांगायचं. पण लोक घरी सांगेनात, म्हणून आता आपण लांबचा शब्द दिला, की समोरच्यालाही ऐकवतं. परवा शेजाऱ्यांना ‘पुढच्या गणपतीला येतो’ म्हटलं, तेव्हाही बोललं.”

इंदूताईंनी कपाळाला हात लावला. स्थळ हातचं गेलं, याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती.

“मी सांगणारच होतो,” रत्नाकर बशीकडे बघत म्हणाले. “म्हणजे, लग्न झाल्यावर.”

“आमच्या ह्यांचं हृदय स्वतःचं होतं,” नलिनीताई म्हणाल्या. “डॉक्टर म्हणायचे, ठणठणीत आहे. एका सकाळी त्यांनी चहा मागितला आणि मी कप घेऊन बाहेर येईपर्यंत ते गेलेले होते.”

नलिनीताईंनी रिकामी बशी बाजूला ठेवली.

“इंदूताई,” त्या म्हणाल्या, “मुहूर्त जरा जवळचा बघा.”