समुद्रफुलाची निगा

फूल कालपासून दगडाच्या वरच्या अंगाला, थेट दिव्याखाली येऊन बसलं होतं. परवापर्यंत ते खालच्या कपारीत असायचं. घड्याळजींनी माशांच्या काचपेटीला नाक टेकवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

दिसायला फूल, पण जात जनावराची. समुद्रफूल एका जागी बसून राहत नाही, सरकत सरकत आपल्या सोयीची जागा शोधतं, हे त्यांना ठाऊक होतं. दोन्ही केशरी मासे मात्र त्याच्या पाकळ्यांत न शिरता लांब कोपऱ्यात घुटमळत होते.

"रुसलात होय?" ते माशांना म्हणाले. "याल दोन दिवसांत ताळ्यावर. मागेही असंच केलं होतंत."

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस. हयगय खपायची नाही. बायको गेली, मग दुकान भागीदाराच्या हाती सोपवलं, आणि त्यानंतरची आठ वर्षं त्यांनी खाऱ्या पाण्याच्या या काचपेटीत घातली. सकाळी उठलं की आधी पाण्याची उष्णता, मग खारेपणा. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं आणि तरंगती कांडी कुठल्या रेघेवर थांबते ते पाहायचं. रेघ बरोबर असायची. रोजच बरोबर असायची. फक्त गुरुवारची सकाळ ते जुन्या दुकानात काढत. भागीदाराला दाद न देणारी घड्याळं कानाशी धरून दोष सांगत. भिंग त्यांनी केव्हाच बाजूला ठेवलं होतं. "आवाजावरून कळतं मला," म्हणत.

सात महिन्यांपूर्वी ते असेच फिरून आले, तर सून कोपरापर्यंत हात पेटीत घालून उभी होती. फूल आक्रसून मुठीएवढं झालं होतं, दगडावरून सुटून तळाला लोळत होतं.

"साबणाचे हात घातलेस त्यात," घड्याळजी म्हणाले.

"नाही बाबा. पाणीच मला जरा..."

"पाण्याचं मला शिकवू नकोस. आठ वर्षं जपलं मी, तू एका दिवसात संपवलंस."

सुनेने हात बाहेर काढून पुसले. तिने पुढे काही खोडून काढलं नाही म्हणून त्यांचा संशय पक्का झाला. बोलण्यातून बोलणं वाढलं, आणि शेवटी त्यांनी सांगून टाकलं की या घरात एक तर ती राहील नाहीतर फूल. पंधरवड्यात मुलाने भाड्याची जागा बघितली. जाताना सुनेने घराची किल्लीसुद्धा परत केली नाही, ही आणखी एक अढी त्यांच्या मनात राहिली.

आणि त्याच्या पुढच्याच गुरुवारी ते घरी आले, तर फूल ताटलीएवढं उमललेलं. यापेक्षा मोठा पुरावा तो काय हवा होता? भेटेल त्याला ते सांगत सुटले. सून गेली आणि फूल वाचलं.

आज शुक्रवार. सकाळी दहाच्या सुमाराला मुलगा आला. त्याची बदली झाली होती, दूरच्या शहरात. खाली सामानाची गाडी भरून उभी होती.

"येता का आमच्याबरोबर?" त्याने विचारलं.

"आणि याचं कोण बघणार?"

मुलाने काचपेटीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "ती खाली उभी आहे. वर येऊन पाया पडते म्हणतेय. निघायचंय आता आम्हाला."

"नको. कालच कुठे वर चढून बसलंय ते. तिची सावली पडली तर परत मिटेल."

मुलाने वाकून नमस्कार केला आणि तो जिना उतरला. गाडी सुरू झाल्याचं घड्याळजींनी ऐकलं. इंजिनाच्या आवाजावरून त्यांना वाटलं, एक पट्टा सैल आहे, सांगायला हवं होतं.

दुपारी पाणी बदलायला घेतलं, तर मिठाच्या बादलीचा तळ लागलेला. आजवर हे मीठ मुलगा आणून देई. बादलीवर दुकानाचं नाव होतं. रिक्षावाल्याकडून ते वाचून घेऊन घड्याळजी तिथे पोचले. दुकानदार चाळिशीचा, बोलघेवडा होता. त्याने समुद्री मिठाचं पोतं उघडलं.

"काय ठेवलंय पेटीत?"

"फूल आहे. आठ वर्षांचं."

"आठ?" दुकानदाराने मान वर केली. "हात चांगला आहे हो तुमचा."

"हात कसला? शिस्त लागते. आणि दुसऱ्या कुणाला पेटीला शिवू द्यायचं नाही. आमच्या घरात होतं एक माणूस, ते गेलं आणि फुलाने बाळसं धरलं."

दुकानदार हसला. मापाने पिशवीत मीठ भरता भरता म्हणाला, "नाहीतर आमच्या गिऱ्हाइकांत एक बाई आहेत. त्यांच्या सासऱ्यांकडे आहे असंच फूल. म्हातारबुवांना रेघ दिसत नाही आणि ते कबूल करायचे नाहीत. अंदाजाने मीठ घालत सुटतात. तीनेक महिन्यांत फूल खलास. मग या बाई त्याच रंगाचं शोधायला लावतात मला, आणि बुवा बाहेर गेले की गुपचूप नेऊन बसवतात. काल तिसरं नेलं. स्वतः गाव सोडून चालल्यात, तरी."

घड्याळजींनी पिशवीसाठी पुढे केलेला हात तसाच राहिला.

"मी म्हटलं, बाई, जाता जाता खरं सांगून टाका एकदा. तर म्हणाल्या, 'फूल मारलं म्हणून त्यांनी मला घराबाहेर काढलं. ते कोण मारतंय हे कळलं, तर ते स्वतःला कुठे काढतील?'"