दुसरी शाल

वडील गेल्यापासून एकुलत्या एका लेकाला जगाचा फारच कळवळा आला होता. त्यांच्या नावाने त्याने 'माणुसकी पुरस्कार' काढला, कनवाळू माणसं हुडकत गल्लोगल्ली फिरला, पण आईचा फोन आला की साहेब कायम मीटिंगमध्ये.

यंदाचा मान महिला मंडळाच्या अध्यक्ष शिंपीणबाईंना मिळाला. समारंभाला आई त्यांच्याच हाताला धरून आली आणि पहिल्या रांगेत बसली. लेकाने माइकवर घसा खाकरून सांगितलं, "मंडळातल्या बायकांच्या अडीअडचणीला या धावतातच, पण एका निराधार म्हातारीला डोळ्यांच्या दवाखान्यातही नेतात-आणतात."

टाळ्या पडल्या. बाईंनी मान खाली घातली.

शाल देऊन झाल्यावर तो बाईंच्या मागोमाग खाली उतरला. "बाई, त्या म्हातारीलाही आणायचं होतं हो. तिलाही एक शाल घातली असती."

बाई पहिल्या रांगेत आईशेजारी जाऊन बसल्या. आईने नाकावरचा काळा चष्मा सारखा केला.

"आणलंय की त्यांनी मला. नवरा गेला तेव्हा मी नुसती विधवा झाले होते रे. निराधार झाले, ते आज तुझ्या तोंडून कळलं."