रेसचा कॅमशाफ्ट

रेल्वेचं फाटक पडलं आणि आमची जुनी गाडी हुडहुडी भरल्यासारखी थडथडायला लागली.

शेजारचा बाइकवाला हसला, "काका, गाडीला स्वेटर घाला की!"

मी रागानं दार उघडलं. पप्पा म्हणाले, "गप बस."

इंजिनातला तो रेसच्या गाडीचा कॅमशाफ्ट मीच बसवलेला, आठ दिवस खपून. हायवेला गाडी सुसाट पळते, पण थांबली की बंद पडते. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढताच येत नाही. ती बंद पडली की पप्पांना गाडी चालवता येत नाही, असं मी गल्लीभर सांगत फिरायचो.

आज खाली बघितलं. दिवसभर सूतगिरणीत उभं राहून सुजलेला त्यांचा पाय पेडलवर लटलट कापत होता.

"पप्पा, जुना कॅमशाफ्ट माळ्यावर आहे. परत बसवू?"

"नको. शाळा सोडल्यापासून तू पुरं केलेलं हे एकच काम. ते कसं काढायला सांगू?"

फाटक उघडलं. मागचे हॉर्न मारायला लागले.

"मग रविवारी जुना बसवून दुसरं काम पुरं करतो," मी म्हणालो.

पप्पांनी कपाळावरचा घाम पुसला.

"आधी ते दार लाव."