उजव्या वायरवरचा डावा

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या अँबेसेडरमधलं जुनं इंजिन मी भंगारात दिलं आणि फरीदाबादला आमच्या घराखालच्या गॅरेजमध्ये दुसऱ्या गाडीचं बसवलं. अण्णांनी हातसुद्धा लावू दिला नसता. पण अण्णा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि गाडी आता माझी होती.

रविवारी दुपारी वायरिंगला बसले. प्रत्येक वायरला कागदी टेप लावून नाव लिहीत होते. उजव्या इंडिकेटरच्या वायरवर मी ‘डावा’ लिहिलं. दिल्लीत वाढलेल्या माझ्या कानाला डावा म्हणजे हिंदीतला दायाँ, म्हणजे उजवाच वाटतो. लहानपणी माझ्या वहीतली हीच चूक अण्णा लाल पेन्सिलीने खोडायचे.

चहा पिऊन आले, तर टेपवरचा ‘डावा’ लाल पेन्सिलीने खोडलेला. वर अण्णांच्या तिरक्या अक्षरात ‘उजवा’.

“तूच खोडलं असशील यार,” माझा नवरा गिरीश म्हणाला.

आमच्या घरात लाल पेन्सिल नाही.

मी टेप फाडली. नव्या टेपवर मुद्दाम ‘डावा’ लिहिलं. पाना उचलायला वाकले, तेवढ्यात तोही खोडलेला.

आता मात्र माझं डोकं फिरलं. “पुरे झालं, अण्णा!” मी ओरडले. स्टिअरिंगवर टेप चिकटवून ठसठशीत लिहिलं, ‘गाडी शरयूची’. माझ्या नावाच्या शेवटी बोट दाबून धरलं आणि पापणीही हलू दिली नाही.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग ‘श’वर लाल रेघ उमटली आणि सावकाश माझ्या बोटाकडे सरकू लागली.

मी बोट काढलं नाही.